लॉक-अप ट्यून करताय? आधी या चुका टाळा

साठ-सत्तरच्या वेगात गाडी निवांत चालली आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकलेला, आणि मध्येच दोन-तीन सेकंद सीटखाली अशी थरथर होते की रस्त्यावर रंबल स्ट्रिप लागली असं वाटावं. रस्ता मात्र गुळगुळीत. माझ्या सहा-स्पीड डिझेल ऑटोमॅटिकला हे सुरू झालं तेव्हा मी आधी व्हील बॅलन्सिंग केलं, मग इंजिनची माउंटिंग बदलली, मग इंजेक्टर काढून तपासायला दिले. तरी थरथर होती तशीच. शेवटी गियरबॉक्सची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी स्वतः चालवायला घेतली. थरथर सुरू होताच रेस तशीच ठेवून त्यांनी डाव्या पायाने ब्रेक पेडलला जरासा स्पर्श केला. थरथर गप्प झाली आणि आरपीएमचा काटा तीनशेने वर गेला. "इंजिनाच्या मागे कशाला लागलात साहेब, कन्व्हर्टर बोलतोय हा," एवढंच म्हणाले.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि त्यातला एक क्लच दोघांना थेट जोडतो, त्याला लॉक-अप म्हणतात. पेडलखालचा जो स्विच मागचा लाल दिवा लावतो, तोच गियरबॉक्सच्या कंप्युटरला लॉक-अप सोडायला सांगतो. म्हणून ब्रेकच्या नुसत्या स्पर्शाने थरथर थांबली, तर संशय लॉक-अप क्लचवर. चढावर, जास्त रेस देतानाही धक्के बसत राहिले, तर आधी मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, शोधा. ही चाचणी मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही बघूनच करावी. शिवाय बऱ्याच नव्या गाड्या ब्रेक आणि रेस एकत्र दाबली की इंजिनची ताकदच कापतात. तिथे थरथर थांबली तरी त्यावरून काही ठरवता येत नाही.

तर पहिली चूक माझीच: रोग कुठला ते न बघता औषध सुरू करणं. लॅपटॉप जोडून लॉक-अपचं टेबल, म्हणजे ते कधी लागावं-सुटावं याचे कंप्युटरमधले आकडे, बदलणारेही नेमकं हेच करतात.

कन्व्हर्टरमध्ये इंजिन एका बाजूचा पंप फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलाने समोरची टर्बाइन फिरते आणि टर्बाइन गियरबॉक्सला फिरवते. मधला स्टेटर उठावाच्या वेळी टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो. पण दोघांच्या मध्ये तेलच असल्यामुळे टर्बाइन नेहमी थोडी मागे राहते, आणि त्या फरकाची उष्णता होते. म्हणून आत एक क्लच बसवतात, जो टर्बाइनला थेट इंजिनसोबत फिरणाऱ्या कव्हरला जखडतो. पॅकार्डने १९४९ मध्ये हे आणलं, आणि पेट्रोल महागल्यावर १९७८ मध्ये क्रायस्लरने ते पुन्हा आणलं. हल्लीचे गियरबॉक्स तर हा क्लच बऱ्याचदा पूर्ण बंद करतच नाहीत. इंजिनचे हादरे गिळण्यासाठी २० ते ५० आरपीएम घसरण मुद्दाम ठेवतात. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तेच हे, फक्त मैलोन् मैल चाललेलं. आणि त्या क्लचचं अस्तर असतं कागदासारखं पातळ.

एक गोष्ट सुरुवातीलाच बघून घ्या. तुमच्या गाडीत एएमटी (मॅन्युअल गियरबॉक्सच, फक्त क्लच आणि गियर यंत्र हलवतं) असेल तर कन्व्हर्टरच नाही, पुढचं सगळं तुमच्यासाठी निरुपयोगी. मात्र काही सीव्हीटींमध्ये (ठरावीक गियर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) कन्व्हर्टर असतो, त्यांना हे बऱ्यापैकी लागू आहे.

घसरण न मोजता हात घालू नका

इंजिनच्या आरपीएममधून टर्बाइनचे आरपीएम वजा केले की घसरण मिळते. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचा स्वस्तातला ओबीडी डोंगल टर्बाइनचा आकडा बहुधा दाखवत नाही, कारण तो कंपनीच्या खास डेटात असतो. स्कॅनर नसेल तर कागदावर हिशोब होतो. समजा टायर २१५/६० आर१७, घेर साधारण २.१७ मीटर. जीपीएसवर ताशी ८० म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ६१५ फेरे. टॉप गियरचा रेशो ०.७५ आणि फायनल ड्राइव्ह ३.३ असेल, तर तिन्हींचा गुणाकार १,५२० च्या आसपास. वजनाने टायर दबतो म्हणून दोन-तीन टक्के जास्त धरा. काटा १,५५० वर असेल तर क्लच लागलेला आहे. १,७५० वर असेल तर नाही. हिशोब जीपीएसच्या वेगावर करा, स्पीडोमीटर मुळातच जास्त दाखवतो.

क्लच लागतच नसेल तर कारण बऱ्याचदा गियरबॉक्सच्या बाहेर असतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही, पी०१२८ हा बिघाडाचा कोड येतो, आणि गार इंजिनवर कंप्युटर लॉक-अप देत नाही. ब्रेकचा स्विच खराब असेल तर पाय ब्रेकवरच आहे असं त्याला वाटतं. या किरकोळ गोष्टी सोडून लोक थेट गियरबॉक्स उतरवायला निघतात. पी०७४१ चा अर्थही "कन्व्हर्टर गेला" असा नाही. मागितलेलं लॉक-अप झालं नाही, एवढाच. सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), वायरिंग, व्हॉल्व्ह बॉडीतलं (तेलाचा दाब वाटणाऱ्या ठोकळ्यातलं) झिजलेलं भोक, यातलं काहीही असू शकतं. अमेरिकेत जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ४एल६०-ई गियरबॉक्सची ही जुनी रड आहे: ॲल्युमिनियमच्या बॉडीत लॉक-अपचा रेग्युलेटर व्हॉल्व्ह ज्या भोकात हलतो ते झिजतं, दाब गळतो, पी१८७० कोड येतो. अशा गाडीत सॉफ्टवेअरमधून दाब वाढवून ठेवणं म्हणजे गळक्या टाकीखाली मोठी बादली ठेवणं.

तेलाच्या बाबतीत

"लाल आहे ना, मग चालतंय" असं ज्या काउंटरवर ऐकाल तिथून निघा. एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या तेलात, फ्रिक्शन मॉडिफायर म्हणजे घर्षण जुळवणारी रसायनं असतात. क्लच हळू घसरताना तो गुळगुळीत धरणार की धर-सोड करत थरथरणार, हे त्यांच्यावर ठरतं. जीएमच्या आठ-स्पीड गियरबॉक्सच्या थरथरीत मूळ तेल हवेतला ओलावा ओढून घेत होतं. कंपनीने वेगळ्या प्रकारचं तेल ठरवून दिलं, आणि गियरबॉक्स धुऊन ते भरायला सांगितलं. माझ्या गाडीतही अखेर तेलच निघालं. आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी 'सगळ्यांना चालणारं' भरून ठेवलं होतं.

खालचा बोल्ट काढला की सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. एका वेळी ४० टक्के बदललं असं धरलं, तर तीन वेळा करूनही नवं तेल ७८ टक्केच होतं. म्हणून एकदा बदलून "फरक नाही" म्हणू नका. डिपस्टिक नसलेल्या गियरबॉक्सची पातळी गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर ओव्हरफ्लो प्लगमधून बघतात. तेल गार असताना बघितली की हमखास चुकते.

आता लॅपटॉप उघडा

घसरण ठीक, तेल ठीक, कोड नाही, आणि तरीही लॉक-अपचं वागणं बदलायचं असेल, तर सगळ्यात मोठा मोह मायलेजचा असतो. लॉक-अप जितकं लवकर तितकं बरं, असं वाटतं. मग डिझेल १,१००-१,२०० आरपीएमवर जखडलं जातं, केबिनमध्ये घुमारा भरतो, आणि जे हादरे तेल गिळत होतं ते सरळ गियरबॉक्सच्या शाफ्टवर जातात. थोडं मायलेज वाचेलही, पण डॅशबोर्ड वाजायला लागेल.

दुसरी खोड म्हणजे लागण्याचा आणि सुटण्याचा वेग जवळजवळ ठेवणं. ६० ला लागतं, ५८ ला सुटतं. शहराबाहेरच्या रहदारीत गाडी दिवसभर ५७ ते ६२ मध्येच असते, म्हणजे क्लच मिनिटाला चार वेळा लाग-सुट करतो. मी निदान आठ-दहा किलोमीटरचं अंतर ठेवतो, आणि रेस वाढेल तसं लागणं पुढे ढकलतो. एक टप्पा बदलायचा, पन्नास किलोमीटर चालवायचं, लॉग (स्कॅनरने नोंदलेले आकडे) बघायचा, मगच दुसरा.

क्लच झटकन लागावा म्हणून दाबाचा चढ एकदम उभा करणारेही आहेत. पहिल्या दिवशी गाडी "टाइट" वाटते, खरं आहे. पण तो प्रत्येक झटका त्या पातळ अस्तरावर जातो. गियर बदलताना क्लच पूर्ण जखडलेला राहिला तरी तसाच दणका बसतो, म्हणून शिफ्टच्या वेळी थोडी घसरण राहू द्या. ब्रेक लावल्यावर आणि वेग उतरताना सुटण्याची अट चुकूनही काढू नका. ती गेली की सिग्नलला गाडी थांबताना इंजिन बंद पडतं, अगदी क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवल्यासारखं. आणि दुसऱ्याची ट्यूनची फाइल तशीच टाकू नका. त्याच मॉडेलची असली तरी त्याचे टायर मोठे असतील तर सगळे वेग चुकतात.

घाटातला प्रकार निराळाच. खंबाटकी चढताना ट्रकमागे ३० ने रांगत असाल तर लॉक-अप बहुधा सुटलेलं असतं आणि फरकाची सगळी उष्णता तेलात जाते. त्यावर ट्यून हा उपाय नाही. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गियर धरा, इंजिन फिरू द्या, म्हणजे टर्बाइन आणि पंप एकमेकांच्या जवळ येतात. एटीएफ ८०-९५ अंशांत असेल तर निवांत राहा. ते १२० च्या पुढे जायला लागलं, तर माथ्यावर जागा बघून थांबा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, कुलरमधून तेल फिरत राहील.

तेल बदलल्यावर किंवा फाइल टाकल्यावर गियरबॉक्सची शिकलेली मूल्यं स्कॅनरने पुसून पुन्हा शिकवावी लागतात. तोवर थोडं विचित्र वाटणारच. माझी गाडी तिसऱ्या तेलानंतर तीन-चारशे किलोमीटर अधूनमधून कुरकुरली, मग ६५ वर लॉगमध्ये घसरण ३० च्या आसपास स्थिरावली. टेबलातला एकही आकडा मी त्यासाठी बदलला नव्हता.