ताळगावच्या पठारावर प्रवेश घेताना: लहान विद्यापीठात शिकण्याची रीत

गोवा विद्यापीठाचा कायदा 1984 साली झाला आणि जून 1985 मध्ये विद्यापीठाचे काम सुरू झाले. त्यापूर्वी पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचे पणजीतील केंद्र हाच गोमंतकीयांचा आधार होता. ताळगाव पठारावरील आवार चारशे एकरांहून मोठे असले, तरी मुंबई-पुण्याच्या तुलनेत विद्यापीठ लहानच आहे. एकेका विभागात शिक्षक मोजके असतात, वर्ग आटोपशीर असतात आणि पहिल्या सत्राच्या मध्यापर्यंत शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखू लागतात. ही ओळख कामी यावी असे वाटत असेल, तर काही गोष्टी प्रवेशाच्या आधीपासूनच ठरवून कराव्या लागतात.

पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठाची प्रवेश क्रमवारी चाचणी, म्हणजे जीयू-आर्ट, द्यावी लागते. अर्ज भरण्यापूर्वी संबंधित विभागाचा अभ्यासक्रम मिळवून तो शेवटच्या सत्रापर्यंत वाचावा. अभ्यासक्रमात ऐच्छिक विषयांची यादी लांबलचक असते, पण त्यांतील प्रत्येक विषय दरवर्षी शिकवला जाईलच असे नाही. तो शिकवणारा शिक्षक त्या वर्षी उपलब्ध हवा आणि विद्यार्थीही पुरेसे मिळायला हवेत. म्हणून ज्या विषयासाठी आपण प्रवेश घेत आहोत तो मागील दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवला गेला का, हे विभागात जाऊन विचारावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारल्यास उत्तर अधिक मोकळे मिळते.

क्रेडिटचा हिशेब आधी समजून घ्यावा. वर्गातील अध्यापनाचे साधारण 15 तास म्हणजे एक क्रेडिट. सगळी क्रेडिटे शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या खात्यात जमा होत असल्याने ते खाते प्रवेशाच्या वेळीच उघडावे आणि त्यातील नाव गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळते आहे याची खात्री करावी. आपल्याकडे आडनावाचे स्पेलिंग शाळेत एक आणि आधार कार्डावर दुसरे असा प्रकार घरोघरी आढळतो, आणि ही दुरुस्ती शेवटच्या सत्रात करण्यापेक्षा पहिल्या सत्रात करणे सोपे जाते.

विभागांची स्वतंत्र दालने आता विद्याशाळांमध्ये एकत्र आणली आहेत. भाषांसाठी शणै गोंयबाब यांच्या नावाची, समाजशास्त्रांसाठी दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाची, तर कायदा व शासनव्यवहारासाठी मनोहर पर्रीकर यांच्या नावाची विद्याशाळा आहे. मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज एकाच विद्याशाळेत असल्याचा लाभ मराठीचे विद्यार्थी फारसे घेत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. गोव्याच्या इतिहासावर किंवा जुन्या गावव्यवस्थेवर काम करायचे असेल, तर पोर्तुगीजचा प्राथमिक अभ्यासक्रम पहिल्याच सत्रात घ्यावा आणि जोडीला मोडी वाचनाचा सराव करावा. पणजीच्या पुराभिलेखागारात दोन्ही प्रकारचे कागद आहेत, आणि ते स्वतः वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याला इतरांच्या अनुवादावर विसंबून राहावे लागत नाही.

अभ्यागत संशोधन प्राध्यापकांची अध्यासने हे या विद्यापीठाचे खास वैशिष्ट्य आहे. कोसंबी, बाकीबाब बोरकर, संत सोहिरोबानाथ अंबिये अशा नावांची ही अध्यासने असून त्यांवर येणारे विद्वान छोटेखानी अभ्यासक्रम घेतात. या वर्गांना विद्यापीठाबाहेरची मंडळीही येऊन बसतात, त्यामुळे निवृत्त शिक्षक, पत्रकार आणि नाट्यकर्मी यांच्याशी विद्यार्थ्याची ओळख आपोआप होते. व्याख्यान संपल्यावर लगेच बस गाठण्याची घाई करू नये. पुढे मुलाखतीसाठी लागणारी माणसे तिथेच भेटतात.

निवासाबाबत थोडक्यात सांगायचे तर वाळपई किंवा पेडण्याहून येणाऱ्याला पणजीच्या बसस्थानकावर गाडी बदलावी लागते, आणि पावसाळ्यात हा रोजचा प्रवास थकवतो. प्रयोगशाळेचा विषय असल्यास वसतिगृहासाठी अर्ज करावा. अन्यथा कदंब या सरकारी बससेवेचा सवलतीचा पास काढून वाचनाची सोय पणजीत करावी. पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते आणि बसस्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. समुद्रविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना 1966 मध्ये स्थापन झालेली, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था शेजारीच आहे. तेथील इंटर्नशिपसाठी आपल्या विभागामार्फत बरेच आधी विचारणा करावी.

गावाशी नाते जोडण्याचे काम मात्र सर्वांत जास्त काळजीने करावे लागते. लघुप्रबंधासाठी देवस्थान, खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतील) शेती, भजनी परंपरा किंवा दशावतार असा विषय घेतला, तर थेट कॅमेरा घेऊन गावात जाऊ नये. देवस्थानांचा कारभार 1933 च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सदस्यांची, समिती पाहते आणि मामलेदार हे त्यांचे प्रशासक असतात. म्हणून विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आधी समितीच्या अध्यक्षांना द्यावे. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या संस्थेच्या, नोंदी हव्या असल्यास गावच्या कारकुनाला भेटावे, आणि म्हापसा, पणजी व मडगाव येथील प्रशासकांपैकी आपला गाव कोणाकडे येतो ते आधी पाहावे. कूळ आणि जमिनीचे प्रश्न गावोगावी अजून धगधगत असल्याने, आपण कोणत्याही पक्षाचे नाही हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करावे आणि कागदांच्या प्रती परवानगीशिवाय कोणालाही दाखवू नयेत.

भेटीची वेळ गावाच्या पंचांगाप्रमाणे ठरवावी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात कोणालाही प्रश्नावली भरायला सांगू नये. दशावतारी नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि त्याच सुमारास सत्र परीक्षाही येतात, म्हणून पेडण्यात रात्री जागवण्याचे वेळापत्रक मार्गदर्शकांना ऑगस्टमध्येच दाखवून घ्यावे. वयस्कर कलाकाराची मुलाखत घेताना त्यांच्या घरातील तरुण व्यक्ती सोबत असावी. संदर्भ लागतो आणि पुढच्या भेटीची सोयही होते. घरची बोली कोंकणी असलेल्या माणसाला मराठीतच बोलण्याचा आग्रह धरू नये, तसेच पोथी किंवा नाटकाचे संवाद तो मराठीत म्हणत असेल तर ते जसेच्या तसे उतरवावेत. लघुप्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची एक बांधीव प्रत समितीच्या कार्यालयात आणि दुसरी गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी; पुढील वर्षी त्याच गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यानंतर वेगळी ओळख सांगावी लागत नाही.