व्हिटॅमिन डीची 60 हजार युनिटची पुडी रोज नाही, आठवड्यातून एकदा!

आमच्या आण्णांनी, वय वर्षं 74, व्हिटॅमिन डीची पुडी सलग चार दिवस घेतली, रोज सकाळी चहाआधी पाण्यात ढवळून, आणि पाचव्या दिवशी मला विचारतात, पुड्या संपल्या, अजून आणू का? डॉक्टरांनी लगेच बंद केल्या, रक्तातलं कॅल्शियम बघितलं (डी जास्त झालं की ते वाढतं), नशिबाने नॉर्मल निघालं. म्हणून लिहितोय, घरात वयस्कर माणसं असतील तर बघा.

हिशोब असा की सत्तरीनंतर रोजची गरज धरतात 800 युनिट, आणि एका पुडीत असतात 60,000, म्हणजे 75 दिवसांची बेगमी. आण्णांनी चार दिवसांत दहा महिन्यांचं संपवलं की हो!

आधी रक्त तपासा, टेस्टचं नाव 25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. आकडा 20 च्या (नॅनोग्रॅम/मिली) खाली असेल तर कमी धरतात. मग डॉक्टर बहुतेक आठवड्याला एक पुडी असे 8 आठवडे देतात, पुढं महिन्याला एक नाहीतर रोजची छोटी गोळी. हे डॉक्टरांनीच ठरवायचं, शेजारच्या काकूंचा कोर्स उचलायचा नाही. मुतखडा, किडनीचा त्रास, बीपीची लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल तर ते आधीच सांगा.

आता आमच्याकडं पुड्या आईच्या कपाटात असतात, रविवारी एकच बाहेर येते, आण्णा जेवणात वरणभात-तूप खाऊन मग दुधातून घेतात (हे व्हिटॅमिन तेलातुपाबरोबर नीट अंगी लागतं) आणि लगेच कॅलेंडरवर लाल पेनाने फुली. फुली नसेल तरच पुढची पुडी. फार तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर पुडी थांबवून दवाखाना गाठा.

आण्णांचं म्हणणं, मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, मला कसलं डी कमी? अहो पण त्या कोवळ्या उन्हात लागणारे किरण जवळजवळ नसतातच, ते साधारण 10 ते 3 मध्ये मिळतात, त्यात वर फुल शर्ट, कानटोपी, आणि वयानुसार कातडीची डी बनवायची ताकदही कमी होते. खिडकीच्या काचेतून तर उपयोगच नाही. अंगणात बाह्या सारून थोडा वेळ बसा, पण साताऱ्याच्या एप्रिल-मेमधल्या भर दुपारी नको.

आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, डी घ्या म्हातारपण थांबवा, त्याचं मूळ म्हणजे अमेरिकेतल्या व्हायटल अभ्यासाचा 2025 मध्ये आलेला एक निष्कर्ष, रोज 2000 युनिट चार वर्षं घेणाऱ्यांच्या गुणसूत्रांच्या टोकांची वयाबरोबर होणारी झीज कमी दिसली. पण त्याच अभ्यासात जवळपास 26 हजार माणसं होती आणि 2022 ला कळलं की हाडं मोडायचं प्रमाण काही घटलं नाही. ऑस्ट्रेलियात तर सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदम 5 लाख युनिट दिले तर त्या जास्तच पडल्या, हाडंही जास्त मोडली. त्यामुळं आम्ही पुडीसोबत बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली.