कम्युनिटी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकताय? या चुका टाळा (मी एकही सोडली नाही)

सांगलीत बीकॉम झालं, लग्न झालं, एच-4 व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळतो तो) कॅलिफोर्नियात आले आणि घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा नवऱ्याचा मित्र म्हणाला, अहो वहिनी, कम्युनिटी कॉलेजला जा की, एन्ट्रन्स नाही काही नाही, फॉर्म भरला की अ‍ॅडमिशन. ते खरंच आहे. राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत, पहिली दोन वर्षं तिथे करून पुढे विद्यापीठात ट्रान्सफर होता येतं, आणि इथल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) 46 डॉलर पडतात, 2012 पासून तेवढेच. आता जिथे एन्ट्रन्स नाही आणि फी कमी, तिथला अभ्यासही सोपाच असणार असं आपलं डोकं परस्पर ठरवून टाकतं. माझ्या बहुतेक चुका तिथून सुरू झाल्या.

फीचं आधी उरकते. 46 डॉलर रहिवाशाला, आणि रहिवासी म्हणजे राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेला, त्याचे पुरावे दाखवू शकणारा. एच-4 वाल्यांना हे मिळू शकतं, एफ-1 वर आलेल्या विद्यार्थ्यांना नाही. पण कॉलेजची सिस्टीम तुमचा व्हिसा बघून आधी तुम्हाला बाहेरचेच धरते आणि बिल कित्येक पट येतं, मग घाबरून क्लास ड्रॉप करू नका. भाडेकरार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन अ‍ॅडमिशन ऑफिसला जा आणि रेसिडन्सीचा फॉर्म भरा. हे क्वार्टर, म्हणजे सत्र, सुरू व्हायच्या आधी करायचं, नंतर नाही.

आता युनिट. माझं कॉलेज क्वार्टरवालं होतं, म्हणजे सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं, 12 आठवड्यांत सगळं खलास. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेचा पहिला कोर्स साडेचार युनिटचा, मी म्हटलं साडेचार म्हणजे काय, आठवड्याला साडेचार तास, असे तीन घेऊ, डेटाबेस आणि अकाउंटिंग पण घेऊन टाकू. एका क्वार्टर युनिटमागे क्लास आणि घरचा अभ्यास धरून साधारण 33 तास धरलेले असतात. साडेचार गुणिले 33 करा, दीडशेच्या आसपास येतं, भागिले 12, म्हणजे एका कोर्सला आठवड्याला साडेबारा तास. तीन कोर्स म्हणजे फुल टाइम नोकरीच, वर घरी अडीच वर्षांचा मुलगा. फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो, मी चकलीची भाजणी भारतातून मागवली होती ती तशीच पिशवीत राहिली कारण दिवाळीच्या आधीच मिडटर्म येऊन आदळली आणि मी दोन कोर्स सोडले.

सोडले ते पण उशिरा. सुरुवातीला एक तारीख असते तोवर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही, त्यानंतर डब्ल्यू, म्हणजे विथड्रॉचा शेरा, लागतो. लोक म्हणतात डब्ल्यूने काय होतंय, जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत. नाही धरत, पण इथे एकच कोर्स पास होईपर्यंत साधारण तीनदाच घेता येतो आणि त्यात डब्ल्यू पण मोजतात. दोन डब्ल्यू घेऊन बसलेली एक मुलगी माझ्या लॅबमध्ये होती, तिसऱ्या वेळेला तिचा हात कीबोर्डवर थरथरायचा अक्षरशः. कॉलेजचं कॅलेंडर उघडा, ड्रॉपच्या दोन्ही तारखा फोनमध्ये टाका, आत्ताच.

पुढची चूक मोठी आहे म्हणून जरा सविस्तर. सीएस म्हणजे कंप्युटर सायन्स आणि सीआयएस म्हणजे कंप्युटर इन्फर्मेशन सिस्टीम. बऱ्याच जणांना वाटतं एकच आहे, काही कॉलेजात खरोखर एकच असतं, म्हणजे डी अँझा कॉलेजात सी प्लस प्लस आणि डेटा स्ट्रक्चर सीआयएस नावाखालीच शिकवतात, पण दुसऱ्या कॉलेजात सीआयएस म्हणजे एक्सेल, ऑफिस सॉफ्टवेअर, सिस्टीम अ‍ॅनालिसिस असलं काहीतरी असतं. नावावर जाऊ नका. पुढे कुठे ट्रान्सफर व्हायचंय ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मागे या. उदाहरणार्थ सॅन होजे स्टेट विद्यापीठ. तिथे कंप्युटर सायन्स सायन्सच्या बाजूला आहे आणि मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम बिझनेसच्या. पहिल्याला कॅल्क्युलस आणि डिस्क्रीट मॅथ लागतं, दुसऱ्याला अकाउंटिंग आणि इकॉनॉमिक्स. मी वर्षभर प्रोग्रामिंगचे चार कोर्स खुशीत करून काउन्सेलरकडे गेले तर ती म्हणाली मॅथ कुठाय? बीकॉमवाल्या बाईला कॅल्क्युलस, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तिथे मला समजलं की माझा खरा रस्ता इन्फर्मेशन सिस्टीमचा आहे, अकाउंटिंग तर मला झोपेत येतं, पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

असिस्ट डॉट ऑर्ग नावाची साइट आहे, फुकट. आपलं कॉलेज टाकायचं, पुढचं विद्यापीठ टाकायचं, मेजर (मुख्य विषय) टाकायचा, कुठला कोर्स कशाच्या जागी चालतो ते समोर येतं. पहिल्या रजिस्ट्रेशनच्या आधी बघा. टॅग म्हणून यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, ट्रान्सफरची गॅरंटी असते ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच कॅम्पसला, बर्कली आणि लॉस एंजेलिसला नाही, आणि सगळ्या मेजरना पण नाही, सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग त्यात बसत नाही आणि तिथे कंप्युटर सायन्स इंजिनिअरिंगमध्येच येतं. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा असतो, गणपतीच्या गडबडीत विसरला की वर्ष गेलं.

भारतातली डिग्री असेल तर मार्कशीट नेऊन दाखवली की प्रीरिक्विझिट (आधी करावा लागणारा कोर्स) माफ होतं असं नसतं, तिचं मूल्यांकन मान्यताप्राप्त एजन्सीकडून करून घ्यावं लागतं आणि आपल्या विद्यापीठातून कागद निघायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहितीये, मी वेगळं सांगायला नको. माझ्या बाबांनी चार चकरा मारल्या.

आता प्रत्यक्ष कोड, सी प्लस प्लसचा.

पहिल्याच महिन्यात सगळ्यांना चावणारा प्रॉब्लेम म्हणजे प्रोग्राम नावासाठी थांबतच नाही. तुम्ही सीइनने (टाइप केलेला एक आकडा किंवा शब्द उचलतो तो) वय विचारता, मग गेटलाइनने (ही अख्खी ओळ उचलते) पूर्ण नाव विचारता, आणि प्रोग्राम नावावरून उडी मारून पुढे. मी दोन रात्री यावर घालवल्या. होतं असं की तुम्ही 31 टाइप करून एंटर दाबता, सीइन 31 उचलतो पण तो एंटर तिथेच पडून राहतो, मग गेटलाइन येते, तिला तो एंटर दिसतो, तिला वाटतं ओळ संपली, आणि ती रिकामं नाव घेऊन निघून जाते. दोघांच्या मध्ये सीइन इग्नोर टाका, तो पडलेला एंटर झाडून निघतो.

सरासरी चुकते? 257 भागिले 3 चं उत्तर 85 येतं, 85.67 नाही, कारण दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक, आहेत. उत्तर डबलमध्ये (दशांश ठेवणारा प्रकार) ठेवलंत तरी उपयोग नाही, भागाकार आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे भागायच्या आधी एकाला डबल करा.

आणि "माझ्या मशीनवर तर चालत होतं" हे. मी टोटल नावाचं व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा) घेतलं आणि त्यात शून्य टाकायला विसरले, माझ्या मॅकवर योगायोगाने तिथे शून्यच होता, प्रोफेसरच्या मशीनवर काहीतरी कोट्यवधीचा आकडा. दहापैकी चार. एरर 40 आल्या तर 40 चुका केल्यात असं नसतं, सगळ्यात वरची वाचा, बहुतेक वेळा एका राहून गेलेल्या सेमीकोलनने बाकीच्या जन्माला घातलेल्या असतात.

डेटाबेसमध्ये दोनच सांगते. रिकाम्या जागा शोधताना इक्वल टू नल (नल म्हणजे काहीच भरलेलं नाही) लिहिलंत तर एकही ओळ येणार नाही, इज नल लिहा. आणि अपडेट करताना व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, विसरू नका, मी सरावाच्या टेबलातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना एकच पगार देऊन मोकळी झाले होते. आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट (ओळी नुसत्या दाखवणारी आज्ञा) चालवून बघायचं, किती ओळी येतात ते मोजायचं, मग हात लावायचा.

आपल्याकडच्या लोकांनी एक नीट ऐका. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी जर्नलं छापलेली माणसं आहोत, त्यात कुणाला काही वाटत नाही, उलट वही दिली नाही तर भाव खाते म्हणतात. इथे ते चालत नाही. मॉस नावाचा कॉपी पकडणारा प्रोग्राम आहे, प्राध्यापक अ‍ॅलेक्स आयकेन यांनी 1994 मध्ये केलेला, तो व्हेरिएबलची नावं बघतच नाही, कोडची ठेवण बघतो. टोटलचं सम केलं, कॉमेंट बदलल्या, तरी सापडतं. आणि देणारा घेणारा दोघं अडकतात. मैत्रिणीला फाइल पाठवू नका, तिच्या शेजारी बसून तिचीच फाइल दुरुस्त करायला मदत करा, आणि तेवढीही परवानगी आहे का ते सिलॅबसमध्ये बघा. एआयचं पण तसंच, प्रत्येक प्रोफेसरचा नियम वेगळा.

ऑफिस अवरला, म्हणजे प्रोफेसर शंका विचारायला भेटतात त्या वेळेला, जा. मला वाटायचं बोलावलं तरच जायचं असतं, स्टाफरूमसारखं. पहिल्यांदा गेले तेव्हा सर एकटेच बसून सफरचंद खात होते.

शेवटचं, ऑनलाइन क्लास घेऊन भारतात जाणाऱ्यांसाठी. डेडलाइन रात्री 11:59 ची, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी 1:29, हे पाठ करून मी मार्चमध्ये भावाच्या लग्नाला आले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी कॅलिफोर्नियाची घड्याळं एक तास पुढे जातात. हळदीच्या हातांनी 12:50 ला लॅपटॉप उघडला तर 12:29 लाच लिंक बंद झाली होती.