जळगावच्या वर्गात कॅरिबियन बेटांचा नकाशा

मोठ्या चार्ट पेपरवर १ अंशाला २ सेंमी धरून १० ते २५ उत्तर अक्षांश आणि ५९ ते ८५ पश्चिम रेखांश आखा. ३० बाय ५२ सेंमीची चौकट होते. आधी २१ अंशांची रेघ लाल पेनने ओढा. जळगावचा अक्षांश तोच, आणि तो क्युबातून जातो. मुलं इथंच जागी होतात. मग हिस्पॅनिओला, जमैका, प्वेर्तो रिको. पूर्वेची लहान बेटं कमानीत. त्रिनिदाद हमखास चुकतं: ते पार खाली, व्हेनेझुएलाला खेटून. तिथं तेल-वायू लिहा, शिवाय उसाच्या मळ्यांसाठी १८४५ पासून नेलेले भारतीय मजूर. सेंट लुसियापाशी केळी. आपल्या बागा मे-जूनच्या वादळात आडव्या होतात, तिकडच्या जून ते नोव्हेंबरच्या चक्रीवादळांत. खोड पाणीदार, मुळं उथळ, कारण एकच.