ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि टायरमधली हवा
जानेवारीत लष्कर भागातल्या पंपावर पहाटे ७ अंशांना ३० पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली, तर मे महिन्यात ४७ अंशांना गेज (दाबमापक) किती दाखवेल?

टायरमधल्या हवेचा एकूण दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून आधी दोन्ही तापमानांत २७३ मिळवा: २८० आणि ३२० केल्विन. मग दाबात वातावरणाचे साधारण १४.४ मिळवा, कारण गेज फक्त त्यावरचा दाब दाखवतो. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. ४४.४ × ३२० ÷ २८० = ५०.७, त्यातून १४.४ वजा केले की ३६.३. वातावरण विसरलात तर ३४.३ येईल. (सेल्सिअसच घातलं तर २०१, म्हणजे टायर फुटलाच!)

अर्थात गळती नाही असं धरून. प्रत्यक्षात थोडी हवा जातेच. गाडी तीनेक तास उभी राहिल्यावरच दाब मोजा. धावून तापलेल्या टायरची हवा सोडू नका, गार झाल्यावर ती कमी पडेल.