पहिलं सत्र लंडनला, दुसरं बोस्टनला: एका पासपोर्टावर दोन व्हिसा कसे बसवायचे

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांचं प्रवेशपत्र जरा निराळं येतं. प्रवेश पक्का, पण पहिलं सत्र, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर, लंडन, डब्लिन, रोम अशा एखाद्या शहरात करायचं आणि मूळ कॅम्पसवर जानेवारीत हजर व्हायचं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात हा प्रकार 'एनयू-इन' नावाने २००७ पासून चालतो. स्किडमोर कॉलेजची काही मुलं पहिलं सत्र लंडनला करतात, न्यूयॉर्क विद्यापीठात तर अख्खं पहिलं वर्ष बाहेर काढायची सोय आहे. हा मागच्या दाराचा प्रवेश नव्हे. पदवी तीच मिळते. सप्टेंबरात वसतिगृहं तुडुंब असतात आणि जानेवारीत खोल्या रिकाम्या होतात, बहुतेक ठिकाणी एवढंच त्यामागचं गणित असतं.

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या घरांत असं पत्र आलं की चर्चा सुरू होते ती खर्चाची. खर्च आहेच, पण घोडं अडतं ते पासपोर्टापाशी. देश दोन, व्हिसा दोन आणि पासपोर्ट एक. तो एका व्हिसा केंद्रात अडकला की दुसरीकडचं काहीच हलत नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी एवढंच लिहा: कोणत्या आठवड्यात पासपोर्ट कुठे असणार. बाकी सगळं त्याच्या मागून.

आधी अमेरिका, मग लंडन

जायचं आधी लंडनला, म्हणून व्हिसाही आधी लंडनचा, असं सगळ्यांना वाटतं. करायचं उलटं. अमेरिकेचा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून मिळू शकतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी मात्र प्रवासाला तीन महिने उरल्याशिवाय अर्जच करता येत नाही. तेव्हा एप्रिल-मे-जूनमध्ये अमेरिकेचं काम उरकायचं, पासपोर्ट हातात आला की जून-जुलैत लंडनचा अर्ज टाकायचा.

अमेरिकेच्या कामाचा क्रम असा. विद्यापीठाकडून आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद मागवा आणि त्यावरची अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख पाहा. ती जानेवारीची हवी. चुकून ऑगस्टची छापून आली तर मुलाखतीआधी दुरुस्त करून घ्या, कारण व्हिसा अधिकारी त्या तारखेवरूनच सगळं ठरवतो. मग ३५० डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं), मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, मग १८५ डॉलर व्हिसा शुल्क. शुल्कं बदलत असतात, भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचाच आकडा धरा. त्यानंतर दोन वेगळ्या भेटी: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुलाखतीची. डीएस-१६० मध्ये समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थ्यांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं, तेव्हा लपवाछपवी करू नका.

मुलाखत मुंबईलाच द्यावी असं बंधन नाही. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्यांना हैदराबादचं कॉन्सुलेट जवळ पडतं. दोन्हीकडच्या तारखा बघून लवकरची घ्या. मुंबईची घेतली तर मुलाखतीच्या सकाळी पोहोचणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसवर विसंबू नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. मोबाइल आत नेता येत नाही. सोबत बाहेर थांबणारं माणूस असेल तर त्याच्याकडे द्या, नाहीतर खोलीवर ठेवून जा.

आत एक प्रश्न हमखास येतो: अमेरिकेत शिकायचंय तर आधी लंडन कशासाठी? उत्तर दोन वाक्यांत द्यायचं. विद्यापीठाचा हा अमुक कार्यक्रम आहे, पहिलं सत्र तिकडे, जानेवारीच्या अमुक तारखेपासून मूळ कॅम्पसवर. विद्यापीठाचं तसं पत्र सोबत ठेवा. एजंटाने पाठ करून दिलेलं लांबलचक उत्तर पोरांच्या तोंडी बसत नाही, आणि ते लगेच कळतं.

आता खरी मेख. काही विद्यापीठं जानेवारीचा आय-२० उन्हाळ्यात देतच नाहीत, थेट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. म्हणून प्रवेश स्वीकारायच्या आधीच ईमेल करून विचारा: आय-२० कोणत्या महिन्यात मिळेल? उत्तर ऑक्टोबर असेल तर लंडनहून व्हिसा काढू असं धरून चालू नका. २०२५ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने मुलाखत स्वतःच्या देशात किंवा कायम राहत असलेल्या देशात द्यायला सांगितलं आहे, आणि चार महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी लंडनचा रहिवासी ठरत नाही. मग एकच वाट उरते. परीक्षा संपली की डिसेंबरात घरी यायचं आणि त्याआधी लंडनहूनच अर्ज भरून मुंबई किंवा हैदराबादची तारीख धरून ठेवायची. डिसेंबरात हातात जेमतेम तीन आठवडे असतात. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, दोन-पाच हजार जास्त गेले तरी.

व्हिसा आधी मिळाला तरी आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत अमेरिकेत शिरता येत नाही. नोव्हेंबरच्या सुट्टीत जाऊन खोली बघून येऊ, हा बेत मनातून काढून टाका.

पहिला देश कोणता, त्यावर बरंच ठरतं

लंडन त्यातल्या त्यात सोपं. सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण व्हिजिटर व्हिसावर करता येतं, संस्था मान्यताप्राप्त असली म्हणजे झालं. क्षयरोगाची तपासणी सहा महिन्यांहून जास्त मुक्कामालाच लागते, तेव्हा ती वाचते. निकाल साधारण तीन आठवड्यांत. मात्र या व्हिसावर कुठलंही काम करता येत नाही, अर्धवेळसुद्धा नाही. 'पोरगं तिकडे हॉटेलात काम करून खर्च काढील' असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

इटलीत सत्र ९० दिवसांच्या पुढे जातं, आणि शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) पर्यटक व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच. तिथे डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्याचा अर्जही करावा लागतो. डब्लिनसाठी आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा हवा. तीन महिन्यांपेक्षा जास्त शिक्षण असेल तर तोही डी प्रकारचा. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला शिक्षण परवाना लागत नाही, पण भारतीयांना व्हिजिटर व्हिसा लागतोच. शहर निवडायची मुभा असेल आणि मुलाला कुठल्या एका शहराची खास ओढ नसेल, तर आमचं मत लंडनच्या बाजूने.

नाव, गाव, वय

बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव पहिलं येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. विद्यापीठाच्या अर्जात, आय-२० वर, तिकिटावर, सगळीकडे पासपोर्टाप्रमाणेच लिहा. पासपोर्टात सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' म्हणजे नाव अज्ञात असं छापून येतं, आणि पुढे बँकेपासून हजेरीपटापर्यंत तेच नाव मागे लागतं. आधी पासपोर्ट दुरुस्त करा, मग अर्ज भरा.

जन्मदाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद, आणि आधारावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव, हे आता घरोघरी आहे. घाबरायचं कारण नाही. व्हिसा अर्जात जन्मस्थळ पासपोर्टात आहे तसंच लिहायचं. एका कागदावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं असं स्वतःहून करू नका.

अठराच्या आतल्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरावं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढाच चालतो. म्हणजे सतराव्या वर्षी काढलेला पासपोर्ट ऐन पहिल्या सत्रात संपू शकतो. १५ ते १८ वयात १,००० ऐवजी १,५०० रुपये भरून पूर्ण दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागा. मुलगा लातूरला क्लासला आणि घर अहमदपूरला, अशी स्थिती असेल तर अर्जात सध्याचा पत्ता कुठला टाकायचा हे पोलीस पडताळणी डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. हवालदार दाराशी आला आणि मुलगा तिथे सापडला नाही, की अहवाल प्रतिकूल जातो आणि सगळं लांबतं.

पैसा: दाखवायचा आणि पाठवायचा

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक घरांत आयकर विवरणपत्रच नसतं. मग खात्यात अचानक आलेले आठ-दहा लाख संशयास्पद दिसतात. कापूस-सोयाबीनच्या विक्रीचे पैसे असतील तर आडतीवरची पट्टी जपून ठेवा आणि रक्कम शक्यतो थेट खात्यावर घ्या. पट्टी, त्याच तारखेची खात्यावरची जमा, सातबारा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला एकाखाली एक लावले की पैसा कुठून आला ते आपोआप दिसतं. पाहुण्यांकडून चार दिवसांसाठी उसने घेऊन शिल्लक फुगवणं मात्र अंगाशी येतं, कारण सहा महिन्यांचं विवरण समोर असतं.

कर्ज काढणार असाल तर तारण कोणतं, हे मार्चमध्येच बँकेत विचारा. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण म्हणून घेत नाहीत, दहा एकर असली तरी. एनए प्लॉट किंवा घर चालतं. नियमित न झालेला गुंठेवारीतला प्लॉट अडतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवू नका, ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे.

परदेशी रक्कम पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. इथे दोन सत्रांचा घोळ होतो: ऑगस्टची फी आणि डिसेंबरची फी एकाच एप्रिल-मार्चमध्ये येतात, म्हणून मर्यादा पटकन ओलांडते. ही मर्यादा माणशी आहे; आईचा आणि वडिलांचा पॅन वेगळा, तर रक्कम दोघांच्या खात्यांतून पाठवता येते. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरलं तरच परत मिळतो. विद्यापीठाला आणखी एक विचारून घ्या: मंजूर शिष्यवृत्ती पहिल्या सत्राला लागू आहे, की जानेवारीपासून?

लसी

अमेरिकन कॉलेजचा आरोग्य फॉर्म पहिल्या सत्राआधीच मागितला जातो. त्यात एमएमआरचे, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीचे, दोन डोस विचारतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून राज्यातल्या शाळांत मुलांना दिलेली लस एमआर होती, गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंडाची लस नव्हती. ती दाखवून भागत नाही. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर सरळ एमएमआरचे दोन डोस घ्या, दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर ठेवून. हे जूनमध्ये सुरू केलं तरच वेळेत बसतं. क्षयरोगाची त्वचा चाचणी बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. फॉर्ममध्ये पर्याय असेल तर इग्रा ही रक्तचाचणी करा.

निकाल आणि मूळ कागद

बोर्डाचा निकाल २०२४ ला २१ मे रोजी लागला, २०२५ ला ५ मे रोजी. विद्यापीठाला ऑनलाइन निकालाची प्रिंट पुरेलच असं नाही. प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची प्रत कॉलेजकडूनच मागतात. मे महिन्यात ज्युनिअर कॉलेजचं ऑफिस अर्धं रिकामं असतं, तेव्हा सुट्टीआधीच क्लार्कना सांगून ठेवा. हाताशी असावा म्हणून इथे कॅप फेरीतून प्रवेश घेत असाल तर बेशक घ्या, पण मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा करण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती करून ठेवा. प्रवेश रद्द करून मूळ कागद परत मिळेपर्यंत बरेच दिवस जातात. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घेतलेला सरकारी शिक्का, कुणी लेखी मागितलं तरच करा. एजंट मंडळी ते सगळ्यांच्याच माथी मारतात.

विषय निवडताना अभियांत्रिकीच्या मुलांनी एक बघावं. पहिल्या शहरात प्रयोगशाळेचे विषय मोजकेच असतात. कॅल्क्युलसचा पहिला भाग तिथे आहे का, आणि जानेवारीत दुसरा भाग थेट घेता येईल का, हे सल्लागाराला लेखी विचारा. साखळी एका सत्राने तुटली तर पुढचे दोन विषय वर्षभर मागे पडतात.

सामान

सगळं एकदम नेऊ नका. डिसेंबरात घरी येणार असाल तर बोस्टनच्या बर्फाचे कपडे तेव्हा न्या. ब्रिटन आणि युरोपात दुधाचे व मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून घरचं तूप, पेढे, खवा राहू द्या. येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी पक्क्या पाकिटात नेली तर सहसा अडत नाही. अमेरिकेत उतरताना मात्र खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. लंडनला वीज २३० व्होल्टची आहे, फक्त पिन वेगळी. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथे आपला मिक्सर किंवा भाताचा कुकर चालत नाही. लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते दोन्हीकडे चालतात.

भारतातलं सिम बंद पाडू नका. बँकेचा ओटीपी, आधार आणि व्हिसाच्या तारखांचे निरोप त्याच नंबरवर येतात. निघायच्या आठवडाभर आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, आणि व्हिसाच्या खात्याचा पासवर्ड घरी एका वहीत लिहून ठेवा, म्हणजे तारीख बदलायची वेळ आली तर इथून वडिलांनाही बदलता येईल.