वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत हलवायचं का? आधी पाणी कुठे जातं ते बघा

घोडबंदर रोड असो की नेरूळ, फ्लॅटमध्ये मशीन बाथरूममध्ये अडचण करत असतं आणि किचनला लागून ड्राय बाल्कनी असते. मग टेप लावून जागा मोजली जाते, प्लंबरला फोन जातो. खरं तर जागा शेवटी बघायची. आधी बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याचं, पाणी खाली कुठे उतरतं ते शोधा.

अर्ध्या बादलीत गडद नीळ कालवून ट्रॅपमध्ये ओता, मागोमाग दोन बादल्या साधं पाणी. तळमजल्यावर एकाला उभं करा. निळं पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये दिसलं तर ठीक. पावसाळी गटारात दिसलं तर बेत तिथेच थांबवा. साबणाचं पाणी त्या पाइपात सोडायचं नसतं, आणि जुलैच्या धो-धो पावसात पाइप भरला की फेस खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत वर येतो. सांडपाण्याच्या लाइनीला जोडणी करायची तर सोसायटीची लेखी परवानगी आधी.

ट्रॅप योग्य लाइनीत असेल तर त्याची क्षमता बघा. मशीनचा ड्रेन पंप मिनिटाला साधारण 15 ते 20 लिटर पाणी फेकतो. 20 लिटरची बादली मिनिटभरात सलग ओता. पाणी जाळीवर चढून पसरलं, तर पाइप तुंबलाय किंवा अरुंद आहे.

तिसरी चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि शेजाऱ्यांशी भांडण नेमकं तिथूनच सुरू होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने ट्रॅप घट्ट बंद करा, इंचभर पाणी साठवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि 24 तास ठेवा. खालच्यांना सांगून त्यांच्या छताचा फोटो आधी आणि नंतर काढा. हे जूनच्या आधी करा. पावसाळ्यात छत आधीच ओलं असतं, काहीच कळत नाही. ड्राय बाल्कनीला बाथरूमसारखं वॉटरप्रूफिंग केलेलं असेलच असं नाही. ओल उतरली तर वॉटरप्रूफिंग आधी, मशीन नंतर.

बाल्कनीतला नळ कुठल्या लाइनीवर आहे तेही विचारा. काही इमारतींत तो बोअरवेलच्या लाइनीवर असतो. पाणी जड असेल तर हीटरवर क्षार जमतात आणि पावडर जास्त लागते. दाबाचं गणित सोपं आहे: टाकीतलं पाणी नळापेक्षा जितके मीटर वर, तितके 0.1 बार. बऱ्याच फ्रंट लोडना किमान 0.5 बार, म्हणजे 5 मीटर उंची लागते. म्हणून सर्वात वरच्या मजल्यावर अनेकदा प्रेशर पंप बसवावा लागतो. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

ड्रेनची नळी थेट जमिनीवर टाकू नका. पंप असलेल्या मशीनची नळी 60 ते 90 सेंमी उंचीवरून वळवून खाली आणा, नाहीतर पाणी भरता भरताच वाहून जातं. नळीचं टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडता कामा नये. पंप नसलेल्या टॉप लोडचं मात्र उलट: तिथे नळी वर उचलली की पाणी आतच अडकतं.

वीज: हीटरवाल्या मशीनला 2000 वॉटच्या आसपास लोड लागतो, आणि बाल्कनीत बहुधा 6 अँपिअरचा सॉकेट असतो. अडॅप्टर लावून भागवू नका. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र लाइन, किमान 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग एवढं हवंच. सॉकेट पावसाच्या झडीपासून लांब, आतल्या भिंतीवर, झाकणवाला.

गवंडी मशीनसाठी भरीव ओटा बांधू म्हणेल. दोन फूट बाय दोन फूट, चार इंच जाडीचा ओटा 85-90 किलोचा होतो, म्हणजे स्लॅबवर जवळपास आणखी एक भरलेलं मशीन. बाल्कनी बाहेर काढलेल्या स्लॅबवर असेल, तळाशी प्लास्टर सुटलं असेल किंवा सळ्या दिसत असतील, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच ठेवू नका. एरवी चार इंच उंचीचा पाय फिट केलेला लोखंडी स्टँड पुरतो. चाकांची ट्रॉली नको. उतारावर स्पिनला सरकते. डक्टकडची (पाइप जातात त्या पोकळीकडची) बाजू उंदरांसाठी जाळीने बंद करा.

आता टेप काढा. दाराची चौकट आतून-आतून 62 सेंमी तरी हवी, मागे नळ्यांसाठी 5 ते 8 सेंमी, आणि फ्रंट लोड असेल तर झाकण उघडून वाकता येईल इतकी जागा समोर. बसवल्यावर स्पिरिट लेव्हल लावून पाय समतोल करा, लॉक नट आवळा, रिकामी सायकल चालवा आणि पहिलं पाणी सुटताना टॉर्च घेऊन ट्रॅपपाशी थांबा.